२४ फुटी बोटीच्या दारात बसवलेला छोटा विंडो एसी

छोट्या केबिन बोटीला एसी लावायचा आणि खर्चही आवाक्यात ठेवायचा, तर माझं मत अगदी सरळ आहे. सगळ्यात लहान, म्हणजे ताशी ५,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) साधा घरगुती विंडो एसी घ्या आणि केबिनच्या दारात, हवी तेव्हा काढता येईल अशा प्लायवूडच्या फळीत बसवा. मी हेच केलंय. बोट २४ फुटी. पुढच्या टोकाला दोघांपुरता बर्थ, मध्ये चिमुकला ओटा आणि उभं राहिलं की डोक्याला छत लागेल इतपत उंची. धक्क्याला बांधलेल्या बोटीत रात्री शांत झोप लागावी, एवढंच मला हवं होतं आणि ते या मशीननं दिलं. रोज नांगर टाकून उघड्या पाण्यात रात्र काढणाऱ्यांना मात्र मी हे सुचवणार नाही. त्याचं कारण विजेच्या भागात येईल.

आधी आकाराबद्दल, कारण गडबड तिथूनच सुरू होते. एसी घ्यायला गेलं की 'थोडा मोठाच घ्या, कमी पडायला नको' हा सल्ला हमखास मिळतो. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, त्या हिशोबानं माझं मशीन अर्ध्या टनाच्याही आतलं. ते साधारण १,४६५ वॉट उष्णता बाहेर फेकतं. खोलीच्या मानानं हे थोडं वाटेल, पण केबिनला पुरतं आणि दमटपणासाठी तर तेच बरं. मोठं मशीन हवा झटकन गार करतं, थर्मोस्टॅट कंप्रेसर बंद करतो आणि हवेतलं पाणी हवेतच राहतं. अंगाला थंड पण चिकट अशी ती हवा कुणालाच नको असते. लहान मशीन बराच वेळ सलग चालतं, म्हणून त्याच्या गार कॉइलवर, म्हणजे गॅस फिरणाऱ्या नळ्यांवर, जास्त पाणी जमतं आणि बाहेर जातं. बोटीवर याचं मोल फार आहे. गाद्यांची कव्हरं, उशा, दोर, सगळ्यात मीठ मुरलेलं असतं आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. हे मशीन लावल्यापासून बर्थच्या गादीखाली बुरशीचे काळे ठिपके येणं थांबलं. माझ्या लेखी हा फायदा गारव्याइतकाच मोठा आहे.

दुसरे पर्यायही नीट पारखले. खास बोटींसाठी बनवलेला एसी उत्तमच असतो. त्याचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, समुद्राच्या किंवा नदीच्या पाण्यानं थंड होतो आणि हवेपेक्षा पाणी कितीतरी पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं. पण त्यासाठी बोटीच्या तळाला भोक पाडायचं, तिथे व्हॉल्व्ह बसवायचा, मग गाळणी, पंप, नळ्या, हवेचे डक्ट. लहान बोटीतलं सामान ठेवायचं एक अख्खं कपाट त्यात जातं आणि त्या एकूण खर्चाच्या बारक्याशा हिश्श्यात माझं सगळं काम झालं. शिवाय गाळणीत शेवाळ अडकलं की मध्यरात्री मशीन बंद पडतं ते वेगळंच.

चाकांवर फिरणारा, एकाच नळीचा पोर्टेबल एसी दिसायला सोयीचा वाटतो. मित्राचा आणून चालवून बघितला आणि परत दिला. तो आपला कंडेन्सर गार करायला केबिनमधलीच हवा घेतो आणि नळीतून बाहेर टाकतो. गेलेल्या हवेची जागा भरायला प्रत्येक फटीतून बाहेरची गरम, दमट हवा आत येते. मशीनसमोर गार आणि पायथ्याला उकाडा, अशी गत. दोन नळ्यांचा असेल तर हा दोष बराच कमी होतो, पण मग केबिनमधली निम्मी मोकळी जागा त्यालाच द्यावी लागते. पाण्याचा कूलर बोटीवर विसराच, आधीच भिजलेल्या हवेत तो आणखी ओल घालतो. बर्फाच्या पेटीवर पंखा लावणाऱ्यांसाठी एक आकडा: १० किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी हे छोटं मशीन ३८ मिनिटांत बाहेर काढतं. रात्रभरासाठी किती बर्फ वाहावा लागेल, याचा अंदाज त्यावरून येईल.

आता बसवण्याबद्दल, कारण एसी चांगला की वाईट हे इथेच ठरतं. केबिनच्या दाराला ज्या सरकत्या फळ्या असतात, त्यांच्याच मापाची १८ मिलिमीटर मरीन प्लायची फळी कापून घेतली, कडांना इपॉक्सी पाजलं आणि मधोमध मशीनच्या मापाचा चौकोन काढला. मशीन २० किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे त्याचा भार फळीवर टाकायचा नाही. कॉकपिटच्या, म्हणजे केबिनमागच्या उघड्या जागेच्या, बाजूला त्याच्याखाली लाकडी घोडी दिली आहे, फळी फक्त फट बुजवते. कडेनं बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या, फोमची पट्टी लावली, त्यानं हवा अडते आणि थरथरही बोटीच्या अंगात उतरत नाही.

विंडो एसीच्या दोन्ही कुशीला ज्या जाळ्या असतात, त्यांतून तो बाहेरची हवा ओढतो आणि पाठीमागून गरम हवा सोडतो. त्या कुशीच्या जाळ्या पूर्णपणे फळीच्या बाहेर हव्यात. एखादी जाळी जरी फळीच्या जाडीत दडली तरी कंडेन्सरची घुसमट होते, कंप्रेसर तापतो आणि गारवा घटतो. कॉकपिटवर ताडपत्री ओढली असेल तर तिची मागची बाजू उघडी ठेवावी लागते, नाहीतर मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा घेत बसतं.

मग उतार. मशीन मागच्या बाजूला किंचित झुकलेलं हवं, म्हणजे कॉइलवरचं पाणी मागे जातं. तिथे पंख्याच्या कडेची रिंग ते पाणी उडवून गरम कॉइलवर शिंपडते. तो छपछप आवाज ऐकून घाबरू नका, त्यानं मशीनचं काम हलकंच होतं. घरात हा उतार एकदा लावला की झालं, बोटीत तसं नाही. माझे बाबा सत्तरीचे, उकाडा त्यांना सोसत नाही, एसीचा घाट घातला तोच मुळी त्यांच्यासाठी. ते आणि आई पुढच्या बर्थवर झोपले की बोटीचं पुढचं टोक खाली जातं, मशीनचा उतार उलटा होतो आणि पाणी आतल्या पायरीवर ठिबकायला लागतं. "पायाला ओलं लागतंय गं," असं बाबा पहाटे म्हणाले आणि कारण लक्षात आलं. तेव्हा माणसं बर्थवर असताना लेव्हल लावून उतार तपासायचा. आता घोडीच्या मागच्या पायाखालची, उंची कमी-जास्त करायची चकती थोडी आत फिरवून ती बाजू खाली घेतली आहे, बोटीत कुणीही कुठेही झोपलं तरी पायरी कोरडी राहते.

फळी दारातच बसत असल्यामुळे बाहेर पडायची वाट अडते, हे मात्र हलक्यात घेऊ नका. पुढच्या हॅचला, म्हणजे छतातल्या झडपेला, आतून उघडणारी कडी हवीच. तिथून आपल्याबरोबरच्या प्रत्येकाला खरोखर बाहेर पडता येतं की नाही, हे आधी करून बघा. ज्या बोटीला पुढे माणूस जाईल एवढी हॅच नाही, त्या बोटीच्या दारात एसी बसवू नका.

कामगिरी म्हणाल तर रात्री दहापैकी दहा गुण. संध्याकाळी दिवस कलला की चालू करायचा, झोपायच्या वेळेपर्यंत केबिन कोरडी आणि गार होते, पहाटे पांघरूण ओढावं लागतं. भर दुपारी मात्र एकटं मशीन पुरं पडत नाही. माथ्यावरचं ऊन चौरस मीटरला जवळपास १,००० वॉट उष्णता आणतं. अर्धा मीटर लांबीरुंदीची पारदर्शक हॅच न झाकता ठेवली, तर तिच्यातूनच शे-दोनशे वॉट आत उतरू शकतात. झोपलेल्या प्रत्येक माणसाचे १०० वॉटच्या आसपास धरले, तर १,४६५ कुठे जातात ते कळेल. म्हणून डेकवर पांढरं कापड ताणा आणि हॅचवर बाहेरून झाकण घाला. आतून लावलेला पडदा तितका उपयोगी नाही, कारण ऊन काचेतून एकदा आत आलं की उष्णता आतच राहते. माझ्या बोटीत कापड ताणल्यावर दुपारी जो फरक पडला, तो मोठं मशीन घेऊनही पडला नसता.

वीज. चालू असताना मशीन ४५० ते ५०० वॉट घेतं, धक्क्यावरच्या जोडणीला ते जड नाही. पण कंप्रेसर सुरू होतो त्या क्षणी करंट कितीतरी पटींनी उसळतो. लांब आणि बारीक तारेची एक्स्टेन्शन लावली तर व्होल्टेज पडतं, कंप्रेसर नुसता गुरगुरतो आणि त्याचा ओव्हरलोड स्विच त्याला बंद पाडतो. जाड तारेची, बाहेर वापरायची केबल घ्या, जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा आणि तासाभरानं प्लगला हात लावून बघा. तो गरम लागला तर तो बदलायलाच हवा. मशीन हातानं बंद केलं तर तीन मिनिटं थांबूनच पुन्हा चालू करा, तोवर आतल्या गॅसचा दाब समान होतो.

नांगरावरची अडचण इथेच आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत सुमारे १,२८० वॉट-तास असतात. इन्व्हर्टरची गळती धरली तर कंप्रेसर सलग चालल्यावर अडीच तासांत ती रिकामी. रात्रीला अशा तीन-चार बॅटऱ्या लागतील आणि त्या पुन्हा भरायची सोय वेगळी. १,००० वॉटचा छोटा जनरेटर बहुतेकदा सुरुवातीच्या झटक्यालाच मान टाकतो, २,००० वॉटचा ओढतो. पण माणसं झोपलेली असताना कॉकपिटमध्ये सुटा पेट्रोल जनरेटर चालवणं मला मान्य नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो फिरून केबिनमध्ये येतो. माणूस झोपेतच जातो. शेजारच्या बोटीच्या जनरेटरचा धूरही येऊ शकतो, म्हणून केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी कायम चालू ठेवते. दुसरं असं, की घरगुती एसीच्या स्विचमध्ये ठिणगी पडू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली तळात साचते. पेट्रोलचं इंजिन किंवा टाकी असलेल्या कप्प्याजवळ हे मशीन नको.

तक्रारीही आहेत. आधी रिमोटवर चालणारं मॉडेल घेतलं होतं. धक्क्यावरची वीज क्षणभर गेली की ते बंद पडायचं आणि कुणी बटण दाबेपर्यंत बंदच राहायचं. दुकानदारानं बदलून द्यायला बरेच दिवस टाळाटाळ केली. आता साधं, फिरवायच्या नॉबचं मशीन आहे, वीज आली की आपोआप चालू होतं. नॉबवालंच घ्या. आवाज आहे, आतल्यापेक्षा बाहेर जास्त, आणि शेजारी बोट बांधणाऱ्यांना तो ऐकू जातो. कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खारी हवा खातेच. प्लग काढून, महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं हलक्या हातानं कॉइल धुते, तरी खालच्या कोपऱ्यातल्या पट्ट्या पांढऱ्या पडून भुगा व्हायला लागल्या आहेत. बोटीवर बसवल्यामुळे कंपनीची वॉरंटी मिळेल असं धरून चालू नका.

बोट हाकारायच्या आधी मशीन उतरवायचं. दोघं लागतात, एकट्यानं कॉकपिटमधून उचलू नये. मी ते उभंच, केबिनच्या जमिनीवर मधोमध ठेवून दोन पट्ट्यांनी आवळते. आडवं ठेवलं तर कंप्रेसरचं तेल नळ्यांत जातं. कधी आडवं न्यावंच लागलं, तर चालू करण्याआधी काही तास उभं राहू द्यायचं.