सतरा की पंधरा? नागपुरात हलकी चाकं निवडताना

फोक्सवॅगन पोलो टीएसआयची कंपनीची १६ इंची चाकं काढून हलकी बसवायची हे एकदा ठरलं, की पुढचा प्रश्न असतो वर जायचं की खाली यायचं. वर म्हणजे १७ इंची रिम आणि २०५/४५ चा पातळ टायर (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची). खाली म्हणजे १५ इंची रिम आणि १९५/६० चा भरलेला टायर. मी दोन्ही वापरलं. १७ इंचीवर चौदा महिने काढले आणि १५ इंचीवर आता दोन उन्हाळे, दोन पावसाळे झाले. गाडी तीच, ११० पीएसची एक लिटर टर्बो, सहा गिअरची मॅन्युअल. सस्पेन्शन कंपनीचंच. ज्यांची दुसरी एखादी गाडी १९५/५५ आर १६ टायरवर चालते, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडावं.

स्पीडोमीटरची काळजी दोन्हीकडे नाही. मूळ चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर भरतो, १७ इंचीचा ६१६ आणि १५ इंचीचा ६१५. फरक आहे तो रिम आणि रस्ता यांच्यामधल्या रबरात. १७ इंचीत ते ९२ मिलिमीटर उरतं, १५ इंचीत ११७. म्हणजे एक इंच. हा इंच लक्षात ठेवा.

वजनासाठीच तर सगळा खटाटोप, म्हणून आधी वजन. दोन्ही सेट फ्लो-फॉर्म्ड होते, म्हणजे चाक ओतल्यावर त्याचा बाहेरचा पट्टा गरम असताना रोलरखाली दाबून ताणलेला, त्यामुळे कमी धातूत तेवढीच ताकद. टायरसकट एकेक चाक मी ओळखीच्या किराणा दुकानात तांदळाची पोती मोजायच्या काट्यावर ठेवलं. कंपनीचं १६ इंची साडेसतरा किलोच्या जरा पुढे गेलं, १७ इंची सतराच्या आसपास, १५ इंची चौदाला थोडं कमी. तो काटा शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे दाखवत असेल, तीन किलो नाही.

१७ इंचीत अर्धा किलो वाचला खरा, पण उरलेलं वजन मधून सरकून कडेला गेलं. चाकाच्या अगदी कडेचा किलो इंजिनला दुप्पट पडतो, एकदा पुढे न्यायचा म्हणून आणि एकदा गरगर फिरवायचा म्हणून. त्यामुळे १७ इंचीवर पिकअपमध्ये मला काहीही फरक कळला नाही. १५ इंचीवर तो पहिल्याच दिवशी कळला, छत्रपती चौकाच्या सिग्नलवरून सुटताना. दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो जागा व्हायच्या आधीची जी एक मरगळ असते, ती निम्मी झाल्यासारखी वाटली. ब्रेकवर पायही कमी दाबावा लागतो. मी घड्याळ लावून बघितलेलं नाही. पण रोज त्याच रस्त्यानं त्याच वेळी जाणाऱ्याला आपली गाडी कळते, आणि मला ती हलकी झालेली कळली.

आता १७ इंचीची बाजू, आणि ती खरोखर मोठी आहे. रामटेकच्या गडावर चढताना किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात शिरताना २०५/४५ वरची पोलो म्हणजे वेगळीच गाडी. स्टीअरिंग जरा हलवलं की नाक लगेच वळतं, टायर आधी कलतो आणि मग गाडी वळते असा मधला क्षणच नाही. वळणाच्या मध्यावर थोडी दुरुस्ती करावी लागली तर ती बोटभर होते. चिखलदऱ्याहून परत येताना मी उगीच एक वळण मागे जाऊन पुन्हा घेतलं होतं, इतका तो आनंद होता. दिसायला तर विचारूच नका. चाक कमानीत भरून बसतं, गाडी उभी असली तरी निघाल्यासारखी दिसते. फुटाळा तलावावर उभी केली की कॉलेजची पोरं येऊन माप विचारायची. आणि मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ सारखे खरे स्पोर्ट टायर हवे असतील तर ते या मापाकडेच आहेत. १५ इंचीत आपल्याकडे मिळतं ते बहुतेक आरामशीर स्वभावाचं रबर.

एवढं असून मी ती चाकं काढली. कारण सांगायला साधं आहे: आमच्या गल्लीचं तोंड.

नागपुरात ज्यांच्या घराजवळचा रस्ता सिमेंटचा झाला त्यांना लगेच कळेल. मोठा रस्ता चांगला चार-पाच बोटं वर उचलला गेला आणि डांबराची गल्ली होती तिथंच खाली राहिली. जोडावर गट्टू बसवले होते, ते पहिल्या पावसात खचले. आता तिथं एक पायरी आहे आणि पायरीच्या पायथ्याशी खळगा. मी ही पायरी दिवसातून चार वेळा चढतो-उतरतो. कितीही तिरकी घेतली, कितीही हळू घेतली, तरी पातळ टायरवर खालून येणारा तो ठोका थेट पाठीत जायचा. आई मागे बसली की दर वेळी म्हणायची, "हळू घे न बाबू, कंबर गेली माझी." ठोक्याचं मी मनावर घेतलं नाही. स्पोर्टी गाडी आहे, एवढं चालायचंच, असं मी धरून चाललो होतो.

मग हवा जायला लागली. डावं पुढचं चाक. रविवारी ३३ हवा भरावी आणि पुढच्या रविवारी मीटर २७ दाखवावा. खिळा असेल म्हणून दुकानात नेलं. खिळा नाही. व्हॉल्व्ह बदलला, तरी तेच. तिसऱ्या वेळी दुकानवाल्या दादानं चाक उतरवून पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि मला वाकून बघायला लावलं. टायर आणि रिमच्या जोडातून, आतल्या बाजूनं, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. "भाऊ, पंक्चर नाही आहे. रिम मार खाऊन राहिली तुमची." बॅलन्सिंग मशीनवर फिरवलं तेव्हा आतली कड स्पष्ट लचकताना दिसली. बाहेरून बघाल तर चाक नवं कोरं.

नेमकं कोणत्या दिवशी वाकलं हे मला सांगता येणार नाही. जोरात आदळल्याचं एकही आठवत नाही. मला वाटतं रोजच्या त्या पायरीनंच ते हळूहळू झालं असावं, आणि हवा थोडी कमी असताना झालेल्या एखाद्या ठोक्यानं पुरं केलं असावं. एकदा वाकलं की हवा आणखी उतरते, हवा उतरली की पुढचा ठोका रिमला आणखी लागतो. चाक वाचवायचं तर दर आठवड्याला पंपावर जा, आणि एक आठवडा चुकला तर पुन्हा मार.

सरळ करून देणारे आहेत, मीही एकदा करून आणलं. दोन महिन्यांत पुन्हा तेच. ॲल्युमिनियमची चाकं ओतल्यावर ठरावीक तापमानाला भाजून कणखर केलेली असतात. गॅसच्या ज्योतीनं एक जागा तापवून ठोकली की तिथली ती कमाई उतरते. म्हणून दुसऱ्यांदा मी करून घेतलं नाही, आणि तुम्हीही करू नये असं मला वाटतं. समोरच्या चाकाच्या बाबतीत तर नक्कीच.

तरी शहरात हा त्रास फक्त वेळेचा होता. निर्णय झाला तो समृद्धीवर. मे महिन्यात बहिणीकडे संभाजीनगरला निघालो, मागे आई आणि भाचा. निघताना चारही चाकांत ३३ हवा भरली होती. शिवमडक्याहून चढलो, १२० च्या मर्यादेतच होतो, पण सूर्य वर आल्यावर त्या सरळ सिमेंटच्या पट्ट्यावर काय भट्टी असते ते आपल्या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. मध्ये थांबलो तेव्हा सवयीनं मीटर लावला. तीन चाकांत तापून ३८ झालेली, चौथ्यात ३१. नुसता तो आकडा बघितला तर ३१ म्हणजे ठीकच वाटतं. पण बाकीच्या तिघांशी ताडून बघितलं की कळतं, गार असताना त्यात सव्वीस-सत्तावीसच उरली असती. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबतो म्हणून जास्त तापतो, आणि १२० वर तापलेल्या टायरचं काय होतं हे याच रस्त्याच्या बातम्यांत आपण वाचलेलं आहे. भाचा मागच्या सीटवर झोपला होता. उरलेलं अंतर मी ऐंशीनं, डाव्या लेनमधून, दर तासाला थांबून हवा बघत काढलं. परत आल्यावर त्याच आठवड्यात सेट विकायला काढला, ते चाक वाकलेलं आहे असं सांगूनच.

१५ इंचीवर गल्लीची पायरी तीच, खळगा तोच, पावसाळ्यागणिक थोडा मोठाच. पण ठोका आता रबरात विरतो. महिन्यातून एकदा हवा बघतो, एखाद-दुसऱ्या आकड्याचा फरक असतो, तो कुठल्याही टायरला असतो. दोन वर्षांत चारही रिमच्या आतल्या कडा मशीनवर दोनदा बघून घेतल्या, सरळ आहेत. आईनं कंबरेचं नाव काढलेलं नाही. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरचे सांधेही आता नुसते ऐकू येतात, पाठीला लागत नाहीत.

काय गमावलं? घाटातली ती धार गेली. वळणाच्या तोंडाशी टायर जरासा कलतो, मग गाडी वळते. हवा दोनेक आकडे जास्त ठेवली की हे थोडं सावरतं, पूर्ण नाही. दिसण्यातही गेलंच. कमानीत वर मोकळी जागा दिसते आणि नवीन चाकं घातली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्याला गाडीकडे वळून बघायला आवडतं त्यानं हे आधीच मनाशी पक्कं करावं, नाहीतर चुटपुट लागते. मला पहिले काही आठवडे लागली होती.

पैशांचं आणि मिळण्याचं थोडक्यात सांगतो. १७ इंची टायरचा सेट मला १५ इंचीच्या जवळजवळ दीडपट पडला होता. शिवाय जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आल्यापासून बाहेरून येणारी मापं आज असतात, उद्या नसतात. १९५/६० आर १५ मला शहरात एका दिवसात मिळाला.

भार पेलण्याचा आकडा मात्र दोन्हीकडे बघा, कारण दुकानात तो सहसा कुणी काढत नाही. मूळ १९५/५५ आर १६ वर ८७ लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरला ५४५ किलो. १९५/६० आर १५ वर ८८, म्हणजे ५६०. २०५/४५ आर १७ साधा घेतला तर ८४, म्हणजे ५०० किलो, मूळ टायरपेक्षा कमी. त्याच मापात एक्सएल (जास्त भार पेलणारा) लिहिलेला ८८ चा येतो, घेणार असाल तर तोच घ्या.

बसवतानाचं एक-दोन. पोलोला पाच बोल्ट, १०० चा पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये), मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. बाजारातल्या चाकांचं भोक बहुधा मोठं असतं, तिथं ती फट भरणारी बरोबर मापाची हब रिंग हवीच, नाहीतर ९० च्या पुढे स्टीअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगला दोष देत बसतात. मी ॲल्युमिनियमची घेतली. आणि कंपनीचे बोल्ट वापरू नका. त्यांचं बूड गोल असतं, बाहेरच्या चाकांची खाच बहुधा शंकूची. घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण टेकतात कडेवर. ऑफसेट, म्हणजे चाक कमानीत किती आत-बाहेर बसतं ते माप, मूळच्या जवळच ठेवा. १५ इंची घेताना पैसे देण्याआधी एक चाक पुढे बसवून हातानं फिरवून बघा, ब्रेकचा कॅलिपर आणि चाकाच्या दांड्या यांच्यात बोट जायला हवं. पोलोच्या खालच्या व्हेरियंटला १५ इंची कंपनीतूनच यायची, त्यामुळे मला अडचण आली नाही. मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतल्या बदलांबाबतच्या कलम ५२ कडे बोट दाखवून विमावाले उद्या काही विचारतील ही धास्तीही त्यामुळे कमी वाटते. तुमच्या गाडीला असा आधार आहे का ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

तुमचं घर सपाट रस्त्यावर असेल, गाडी मुख्यतः शनिवार-रविवारी घाटासाठी निघत असेल, तर १७ इंची घेऊ नका असं मी म्हणणार नाही. तो आनंद मी घेतलेला आहे. फक्त घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एकदा पायी चालत जा आणि अशा पायऱ्या किती लागतात ते मोजा. माझ्या वाटेवर पाच आहेत. आणि चाकं बसवल्यावर पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी ती उतरवून मशीनवर फिरवा, बघताना बाहेरून नाही, आतून बघा.