पाणी, डायऑक्सेन की टर्ट-ब्युटेनॉल: एका दिशेने गोठवण्यासाठी द्रावक निवडताना

पॉलिमरचं द्रावण एका बाजूने गोठवलं की द्रावकाचे स्फटिक वाढतात आणि पॉलिमर त्यांच्या फटींत ढकलला जातो. नंतर फ्रीझ ड्रायरच्या व्हॅक्यूममध्ये स्फटिक न वितळता थेट वाफ करून उडवून लावले की उरतो सच्छिद्र स्पंज. त्याची छिद्रं म्हणजे गेलेल्या स्फटिकांचे ठसे. नव्याने या कामात उतरलेला माणूस बहुधा सर्वांत आधी गोठवण्याच्या वेगाशी खेळत बसतो. माझ्या मते आधी द्रावक ठरवावा. छिद्राची घडण (पापुद्रा की नळी) मुख्यतः द्रावकाच्या हातात असते, वेग ती छिद्रं बारीक किंवा मोठी करतो.

द्रावक कसा वागेल याचा अंदाज घ्यायला पदार्थशास्त्रज्ञ जॅक्सनने १९५८ साली मांडलेला निकष अजून उपयोगी पडतो. वितळण्याच्या एन्ट्रॉपीला (वितळताना रेणूंची अव्यवस्था किती वाढते त्या मापाला) वायू स्थिरांकाने भागा. उत्तर साधारण २ च्या खाली आलं तर स्फटिकाला फांद्या फुटतात, बरंच वर गेलं तर सपाट पैलू पडतात. सायक्लोहेक्झेनचं उत्तर १.१ च्या आसपास येतं, डायऑक्सेनचं ५ च्या वर.

पॉलिमर पाण्यात विरघळत असेल तर पाणीच घ्या. स्वस्त, बिनविषारी, आणि छिद्रांची रचना ओळखीची. बर्फाचा षट्कोनी स्फटिक त्याच्या तळपातळीत (षट्कोनाच्या सपाट पृष्ठाला समांतर) भराभर वाढतो आणि तिच्या काटकोनात रखडतो, म्हणून पापुद्रे मिळतात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं ५ टक्के द्रावण तांब्याच्या थंड दांड्यावर गोठवून सुकवा आणि नव्या ब्लेडने उभा काप घ्या. मायक्रोस्कोपखाली बऱ्याचदा दिसतं की पापुद्र्याची एक बाजू गुळगुळीत आहे आणि दुसरीवर बारीक वरंबे आहेत. स्फटिकाची वाढीची दिशा आणि उष्णता वाहण्याची दिशा तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे फांद्या एकाच अंगाला फुटतात. तळाचा भाग मात्र बघूच नका, कापून टाका. तिथे पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊन एकदम गोठलेलं असतं आणि रचनेला दिशाच नसते.

आडव्या कापात आणखी एक अडचण कळते: पापुद्रे ठिगळाठिगळांनी वेगवेगळ्या दिशांना वळलेले असतात. ते सगळे समांतर हवे असतील तर थंड तळावर सिलिकॉन रबराची पाचर ठेवायची. तापमानाचा उतार दोन दिशांना मिळतो आणि पापुद्रे रांगेत येतात. ही युक्ती २०१५ साली बर्कलीच्या संशोधकांनी दाखवली.

पाण्यातला खरा त्रास सुकवल्यानंतरचा. असेटिक आम्लात विरघळवलेल्या कायटोसानचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पॉलिमरचा) स्पंज पाण्यात टाकला की फुगून विरघळू लागतो. म्हणून तो आधी अल्कलीने उदासीन करावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे बर्फ असतानाच पॉलिमरच्या साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींना जोडून घेणं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या मार्गाने दाबल्यावर पुन्हा मूळ आकारात येणारे स्पंज केले गेले.

पॉलिलॅक्टिक आम्ल किंवा पीएलजीए (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा मिश्र पॉलिमर) पाण्यात विरघळत नाहीत, तेव्हा डायऑक्सेनकडे वळावं लागतं. ते ११.८ अंशांना गोठतं, त्यामुळे गोठवणं सोपं. नळ्या मिळतात आणि नळ्यांच्या आत शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे पडदे. पेशींना आधार द्यायला ही रचना मला पापुद्र्यांहून बरी वाटते, कारण पापुद्रे आडव्या दाबाखाली पटकन मिटतात. पण डायऑक्सेन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. उघडी बाटली जुनी झाली की त्यात पेरॉक्साइड साठतात, आणि फ्रीझ ड्रायरचं अ‍ॅक्रिलिकचं झाकण त्याच्या वाफेने खराब होतं. काचेचं झाकण आणि चालू फ्यूम हूड नसेल तर या वाटेला जाऊ नका.

टर्ट-ब्युटेनॉल लांब, सरळ, जवळपास बिनफांद्यांच्या नळ्या देतं. द्रव किंवा वायू आरपार वाहून न्यायचा असेल तर याच्या तोडीचं काही नाही. बाष्पदाब जास्त असल्याने सुकवणंही पाण्यापेक्षा खूप लवकर उरकतं. अडचण एवढीच की त्यात विरघळणारे पॉलिमर मोजके, काही सिलिकॉन रेझिन वगैरे. वितळणबिंदू २५.५ अंश, म्हणजे पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाटलीत दगड आणि मे महिन्यात पाणी. कोमट पाण्यात बाटली बुडवून ठेवायची सवय लावा.

आणखी एक द्रावक म्हणजे कॅम्फिन, कापरासारखा मेणचट पदार्थ. तो खोलीच्या तापमानालाच उडून जातो, व्हॅक्यूमही लागत नाही. पण मिश्रण सुमारे ५० अंशांवर राखावं लागतं, आणि वास दिवसभर अंगाला चिकटतो.

आता वेग. तळाचं तापमान स्थिर ठेवलं तर बर्फाची आघाडी (गोठलेल्या भागाची पुढे सरकणारी कड) वर जाताना मंदावते आणि छिद्रं वरच्या भागात मोठी होत जातात. नमुना सर्वत्र सारखा हवा असेल तर तळ ठरावीक दराने थंड करत न्या. साचा थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवणं सोपं असतं, पण थंडी तेव्हा सगळ्या बाजूंनी शिरते आणि दिशा हरवते. टेफ्लॉनच्या भिंती आणि धातूचा तळ असलेला साचा वापरा, आणि फक्त तळच थंडीला लावा.