वर्षभर कॅम्पसवर की काही दिवसांचा वर्ग?

आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स हा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम २००६ पासून चालतो: अनुभवी व्यवस्थापकांसाठी एक वर्षाचा, पूर्णवेळ, निवासी. नोकरी सोडावी लागते आणि शुल्काच्या जोडीला बुडालेला पगारही जड जातो. पण ज्याला क्षेत्रच बदलायचंय, त्याला हे वर्ष हवंच. केसवर, म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या प्रत्यक्ष पेचावर, चर्चा करताना बँकेतला माणूस आणि कारखान्यातला माणूस त्याच आकड्यांतून वेगळे निष्कर्ष काढतात. तिथे आपली पक्की झालेली मतं हलतात.

त्याच संस्थेत काही दिवसांचे वर्गही असतात. खर्च कमी, खुर्ची शाबूत. अडचण परतल्यावर सुरू होते: साचलेल्या कामांत टिपणं गाडली जातात. कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीमालकाला (धातूच्या ओतकामाचा कारखाना चालवणाऱ्याला) तरीही मी छोटा वर्गच सुचवेन. मात्र एकट्याने जाऊ नये; उत्पादनप्रमुखालाही सोबत न्यावं, म्हणजे शिकलेलं कारखान्यात उतरवायला दुसरा माणूस असतो.