पाइपच्या तंबाखूची वडी: गरम दाब की थंड दाब?

मिश्रण दोन्हीकडे एकच धरू: मधली शीर काढलेली व्हर्जिनिया ७० ग्रॅम, बर्ली ३० ग्रॅम (दोन्ही तंबाखूचे प्रकार). पाण्याचा बारीक फवारा मारून पाला डब्यात रात्रभर झाकून ठेवायचा. पान दुमडल्यावर तुटू नये आणि मुठीत दाबल्यावर पाणी सुटू नये, एवढीच ओल हवी. साचा स्टीलचा; दाबायला मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळणारा सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) पुरतो. साधं लोखंड ओल्या पानाला लागू देऊ नका, काळे डाग पडतात.

गरम पद्धतीत पाला फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून ओव्हनमध्ये ९० अंशांवर दोन-तीन तास ठेवायचा आणि गरम असतानाच दाबायचा. क्लॅम्प पूर्ण गार होईपर्यंत सोडायचा नाही. घाई केली की वडी फुगते आणि कापताना तिचा भुगा होतो. रंग गडद होतो, बर्लीचा तिखटपणा उतरतो. मात्र व्हर्जिनियाचा वाळल्या गवतासारखा ताजा वास बराच जातो.

थंड दाबाला तीन-चार आठवडे लागतात. रोज क्लॅम्प थोडा आवळायचा, कारण पाला बसत जातो आणि दाब ढिला पडतो. वास टिकतो, चव सावकाश मुरते. पण मुंबईत जून ते सप्टेंबर हा नाद नकोच! दमट हवेत ओली वडी सुकत नाही, कडेला पांढरी लव धरते. कुबट वास आला तर अख्खी वडी टाकून द्या, खरवडून वापरू नका.

म्हणून पावसाळ्यात गरम, डिसेंबर-जानेवारीत थंड. दीड मिलिमीटरच्या चकत्या कापा आणि किंचित लवचिक राहतील इतपत सुकवूनच बरणीत भरा.