हलक्या स्कीच्या नावाखाली माझे 82,150 रुपये कसे गेले

माझे वय 64, उंची 148 सेंटिमीटर आणि वजन 43 किलो. मी विलेपार्ल्यात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. हे सगळे सुरुवातीलाच सांगते, कारण ज्या माणसाने मला फसवले त्याने माझ्याकडून पहिल्या फोनवर हीच माहिती काढून घेतली आणि पुढचे प्रत्येक खोटे तिच्यावरच उभे केले. माझ्यासारख्या लहान चणीच्या, पन्नाशी-साठी ओलांडलेल्या ज्या बायका भाड्याच्या जड स्कीला कंटाळून स्वतःची जोडी घेण्याच्या विचारात असतील, त्यांनी तरी यात अडकू नये म्हणून, सांगताना अजूनही लाज वाटत असली तरी, सगळे सविस्तर लिहिते आहे.

मी 2018 च्या फेब्रुवारीत, वयाच्या 57 व्या वर्षी, गुलमर्गला स्कीइंग शिकले. ‘या वयात हे नसते उद्योग कशाला’ हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला, पुढे पोलीस ठाण्यातही विचारला गेला, म्हणून उत्तर देऊन ठेवते: मला ते आवडते, मी ते माझ्या पेन्शनच्या पैशांतून करते आणि यात कोणाला खुलासा देण्यासारखे काही नाही. अडचण होती ती वजनाची. भाड्याने माझ्या वाट्याला येणाऱ्या स्की बहुतेक वेळा माझ्या उंचीपेक्षा लांब आणि सहा किलोच्या आसपास असत. 2,650 मीटर उंचीवर, पायात कडक बूट घालून, बर्फातून त्या खांद्यावर वाहून गंडोलापर्यंत, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारपर्यंत, नेईतोवर माझी निम्मी शक्ती संपून जाई. शिवाय जाड, धातूचे पत्रे घातलेली स्की माझ्या 43 किलोंच्या भाराखाली वाकतच नाही, आणि स्की वाकल्याशिवाय वळण नीट बसत नाही. त्यामुळे मला 146 सेंटिमीटरच्या जवळपासची, पॉलोनियासारख्या हलक्या लाकडाच्या गाभ्याची, पत्रा नसलेली जोडी हवी होती आणि तिच्यावर हलके बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवून धरणारी खटक्याची पकड.

मुंबईत अशी जोडी हातात घेऊन, उचलून, वाकवून पाहता येईल असे दुकान मला सापडले नाही. परदेशातून मागवायची तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरून हिशेब फार वर जात होता. नेमक्या अशा वेळी एका ओळखीच्या ओळखीतून त्या माणसाचा फोन आला. तो शुद्ध मराठी बोलत होता, आपण मूळचे ठाण्याचे असून हिवाळ्यात गुलमर्गला असतो असे सांगत होता आणि मला पहिल्या वाक्यापासून काकू म्हणत होता. टायटॅनल, पॉलोनिया, पिन बाइंडिंग, ग्रिपवॉक हे स्कीच्या सामानातले सगळे तांत्रिक शब्द त्याच्या तोंडी होते. आधी त्याने पिन बाइंडिंग सुचवले. माझे बूट साधे उताराचे आहेत, त्यांच्या टोकाला पिनेसाठी धातूची छिद्रे नाहीत, असे मी सांगताच तो म्हणाला, ‘काकू, तुम्हाला तर सगळंच माहीत आहे, तुम्हाला कोण फसवणार?’ हे वाक्य मला आवडले, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. जो माणूस तुमच्या ज्ञानाची स्तुती करतो, त्याच्याशी त्या दिवशी कोणताही व्यवहार करू नका.

पैसे कसे गेले ते थोडक्यात सांगते, कारण हा प्रकार सगळ्यांच्या परिचयाचा आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी आगाऊ 25,000 रुपये दिले. 12 नोव्हेंबरला उरलेले 41,500 आणि बाइंडिंग बसवण्याचे 7,200 रुपये. 15 नोव्हेंबरला कुरिअर आणि विमा म्हणून 4,850 रुपये. 21 तारखेला पार्सल आले. मी तक्रार केल्यावर, ‘जोडी परत मागवतो, आधी परतीचे भाडे भरा’ असे सांगून 24 तारखेला त्याने आणखी 3,600 रुपये घेतले. परतीचा माणूस कधी आलाच नाही आणि 26 तारखेपासून त्याचा फोन बंद झाला. एकूण 82,150 रुपये. शेवटच्या 3,600 रुपयांचा मला सर्वांत जास्त संताप येतो, कारण तोवर मला शंका आलेली होती, आणि तरीही आपले गेलेले पैसे परत मिळतील या आशेने मी ते पाठवले.

आता ज्या क्षणाचा विचार करून माझी आजही झोप उडते, त्याविषयी.

दुसरी रक्कम देण्याआधी मी त्याला जोडीचे वजन दाखवायला सांगितले होते. त्याने 19 सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. निळ्या रंगाची, पोपडे आलेली भिंत; खाली डिजिटल वजनकाटा; काट्यावर लाल पट्ट्याने बांधलेली स्की उभी धरलेली; आणि आकडा 2.94. त्याखाली त्याने लिहिले होते, ‘काकू, बाइंडिंगसकट पूर्ण जोडी.’ तो व्हिडिओ मी निदान दहा वेळा पाहिला, सुनेला दाखवला, मैत्रिणीला पाठवला, आणि आम्ही तिघीही फक्त आकडा पाहत राहिलो. काट्यावर एकच स्की होती. दुसरी मागच्या भिंतीला टेकवलेली होती आणि तिचे वर वळलेले टोक डाव्या कोपऱ्यात पूर्ण 19 सेकंद स्पष्ट दिसत होते. घरी जोडी आली तेव्हा मी सामानाच्या हुकाच्या काट्यावर ती तोलली आणि आकडा आला 5.88, म्हणजे बरोबर दुप्पट.

मी 31 वर्षे एका कार्यालयाच्या हिशेब विभागात बिले तपासण्याचे काम केले आहे. ब्रेकसह साध्या उताराच्या बाइंडिंगची जोडीच दीड ते दोन किलो भरते, हे मला माहीत होते. 2.94 मधून ते वजा केले असते तर दोन स्कींसाठी मिळून किलो-दीड किलो उरले असते, आणि माझ्या मापाच्या उताराच्या स्कीत ते शक्यच नाही. हलकी म्हणवणारी चांगली जोडीसुद्धा बाइंडिंग धरून चार किलोंच्या पुढेच जाते. एवढी साधी वजाबाकी मी केली नाही, कारण तो आकडा खरा असावा असे मला मनापासून वाटत होते.

दुसरी खूण तर याहून मोठी होती, आणि ती मला त्याने न विचारलेल्या प्रश्नात दिसायला हवी होती. बाइंडिंग स्कीवर भोके पाडून बसवतात, आणि ती भोके कुठे पाडायची हे बुटाच्या सोलच्या लांबीवरून ठरते. ही लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. माझ्या बुटावर 265 आहे. त्याने माझ्याकडून पत्ता, पिनकोड, इमारतीजवळची खूण हे सगळे घेतले, बसवणीचे 7,200 रुपये घेतले, पण सोलची लांबी एकदाही विचारली नाही. जो बसवणारा सोलची लांबी विचारत नाही तो काहीही बसवणार नाही, हे ध्यानात ठेवा.

आणि त्याने खरोखरच काही बसवले नव्हते. पार्सलमध्ये आले ते भाड्याच्या दुकानात वापरतात तसे पट्टीवर पुढेमागे सरकणारे बाइंडिंग, म्हणजे कोणाचाही बूट बसावा म्हणून बनवलेले आणि त्यामुळेच जड. स्कीच्या वरच्या भागावर नवे, चकचकीत स्टिकर होते. उजव्या स्कीच्या शेपटीकडे त्याची कड उचकटली होती. मी ती नखाने जरा सोडवली तेव्हा आत जुना खरवडलेला पृष्ठभाग आणि पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेला 47 हा आकडा निघाला. कुठल्यातरी दुकानातून भंगारात निघालेली जोडी मला 66,500 रुपयांना विकली गेली होती.

पैशांपेक्षा भयंकर भाग पुढे आहे. बाइंडिंगच्या पुढच्या भागावर एक लहान खिडकी असते आणि तिच्यात सुटण्याचा आकडा दिसतो, म्हणजे किती जोर आला की बूट स्कीतून सुटेल याचे माप. तो आकडा वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्याने काढतात. पन्नाशीनंतर तो आणखी एक पायरी खाली घेतात. माझा आकडा तीनच्या आत येतो. त्या बाइंडिंगची पट्टी 4 पासून सुरू होऊन 12 पर्यंत जात होती. म्हणजे ते अगदी सैल केले तरी माझ्यासारखीसाठी घट्टच राहिले असते, आणि मी पडल्यावर स्की न सुटता तिच्या लांबीचा सगळा पीळ माझ्या गुडघ्यात किंवा नडगीत उतरला असता. माझ्या काश्मिरी इन्स्ट्रक्टरना व्हिडिओ कॉलवर ही खिडकी दाखवली तेव्हा ते काही क्षण गप्पच राहिले, आणि मग म्हणाले की या स्की घालून एक पाऊलही टाकू नका. लहान चणीच्या व्यक्तीने बाइंडिंग घेताना वजनाच्या आधी त्या पट्टीचा खालचा आकडा पाहावा. आपला आकडा पट्टीच्या अगदी टोकाला नव्हे, तर जरा आत बसला पाहिजे. बसवणीनंतर ते यंत्रावर तपासून दिले जाईल का, हेही विचारावे. या कामासाठी आयएसओ 11088 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि जाणकार दुकानदाराला ते ठाऊक असते.

27 नोव्हेंबरला मी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. हा फोन मी 21 तारखेलाच करायला हवा होता; पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्याआधी ते गोठवण्याची जी काही शक्यता असते, ती पहिल्या काही तासांतच असते. माझी चूक मी मान्य करते. पण त्यानंतर माझ्याशी जे वागणे झाले, ते कोणाही नागरिकाच्या वाट्याला येऊ नये.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी स्की म्हणजे काय हे समजावण्यातच अर्धा तास गेला. मग मला विचारले, ‘वस्तू मिळाली ना मॅडम? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे.’ नवी म्हणून सांगून स्टिकर चिकटवलेली भंगार जोडी देणे, एका स्कीचे वजन जोडीचे म्हणून दाखवणे, न केलेल्या कामाचे पैसे घेणे, न येणाऱ्या परतीच्या कुरिअरचे पैसे घेणे, यांतले काहीच जर फसवणूक नसेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम 318 कोणासाठी लिहिले आहे? दुसऱ्या खेपेला सांगितले की आरोपी ठाण्याचा आहे, तिकडे जा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते. त्या कलमाची छापील प्रत मी पर्समधून काढली तेव्हा मला सांगण्यात आले की कायदा आम्हाला शिकवू नका. तिसऱ्या खेपेला चार तास बाकावर बसल्यावर अर्ज घेतला, आणि पोच मागितली तेव्हा साहेब आल्याशिवाय शिक्का मिळणार नाही म्हणाले. मी साहेब येईपर्यंत, म्हणजे रात्री सव्वानऊपर्यंत, बसून राहिले आणि शिक्का घेऊनच उठले. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय उठू नका.

बँकेचे उत्तर याहून कोरडे होते. तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवले, आमची जबाबदारी नाही. रिझर्व्ह बँकेचे तेव्हा लागू असलेले 6 जुलै 2017 चे परिपत्रक मी वाचले आहे. त्यातले संरक्षण ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होते, हे मला समजते, आणि माझे पैसे भरून द्या असे मी म्हणतच नव्हते. ज्या खात्यात पैसे गेले, त्या खातेदाराचे आधार, पॅन, छायाचित्र दुसऱ्या बँकेकडे आहे. ते खाते तपासायला लावा, एवढेच माझे म्हणणे होते. 43 दिवसांनी दोन ओळींचे पत्र आले की आपली विनंती संबंधित बँकेकडे पाठवली आहे. नंतर काहीही नाही. खाते उघडताना माझ्याकडून तीन तीन वेळा सह्या घेणाऱ्या या व्यवस्थेला चोराचे नाव माहीत आहे, पत्ता माहीत आहे, आणि तरी मला ते सांगायला आणि त्याला एक प्रश्न विचारायला कोणालाही वेळ नाही.

शेवटी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे मला कोणत्याही कार्यालयाने सांगितले नाही. शेजारच्या वकील मुलीने सांगितले. तिच्याच सांगण्यावरून मी एकही संदेश पुसलेला नाही, फोन बदललेला नाही, आणि स्टिकरही जेवढे उचकटले होते तेवढेच ठेवून जोडी जुन्या चादरीत गुंडाळून पुरावा म्हणून सांभाळली आहे. परतीच्या कुरिअरचा माणूस खरोखर आला असता तर हा पुरावाही माझ्या हातून गेला असता.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका मैत्रिणीने मला एक फोटो पाठवून विचारले की ही जोडी घेऊ का. विकणाऱ्याचे नाव वेगळे आहे, फोन नंबर वेगळा आहे आणि किंमत 64,000 रुपये आहे. निळी, पोपडे आलेली भिंत तीच आहे, खाली तोच वजनकाटा आहे आणि स्कीला तोच लाल पट्टा बांधलेला आहे. हा फोटो तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका. तो नंबर जपून ठेवा आणि त्याच दिवशी 1930 वर कळवा.