रंकाळा की पंचगंगा : मोटरबोटीतला एक दिवस

कोल्हापुरात मोटरबोटीने दिवसभर पाण्यावर राहायचे ठरवले, तर रंकाळा आणि पंचगंगा हे दोनच पर्याय मनात येतात. रंकाळ्यावर १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस आणि पाणी उतरले की वर येणारा संध्यामठ फार देखणे दिसतात. परंतु तलाव बंदिस्त असल्याने तासाभरात तेच काठ पुन्हा समोर येतात.

नदीचे तसे नाही. पावसाळा सरल्यावर नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले, की मागे पाणी तुंबून संथ, खोल पट्टा तयार होतो आणि घाटावरून वर, प्रयाग चिखलीच्या संगमाकडे जाता येते. घाटाची मंदिरे पाण्याच्या पातळीवरून पाहणे हा सुखाचाच अनुभव! बंधारा मात्र बोटीला ओलांडता येत नाही, आणि जलपर्णीची लांब, केसाळ मुळे पंख्याला गुंडाळली, तर इंजिन बंद करून ती हातानेच सोडवावी लागतात. तरीही पूर्ण दिवसासाठी मी पंचगंगाच निवडेन. रंकाळा संध्याकाळच्या तासाभरासाठी ठेवावा.