व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: माल विकायला पुरेसं, परवानगीची वही मात्र आपली आपण ठेवायची

चादरी, टॉवेल किंवा शेंगाचटणी ऑनलाइन विकणाऱ्या सोलापूरच्या छोट्या दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं फुकट अ‍ॅप घ्यावं का? जरूर घ्यावं. कॅटलॉगमध्ये 500 वस्तू मावतात. चादरीला नुसता फोटो आणि भाव टाकून भागत नाही. लांबी-रुंदी इंचांत, वजन आणि पहिल्या धुण्यात रंग जातो का, एवढं लिहिलं की बरेच फोन वाचतात. फोटो दोन्ही बाजूंचे हवेत. जेकार्डची, म्हणजे मागावरच विणलेली, नक्षी उलट बाजूने रंग बदलून दिसते, आणि ‘फोटोतली चादर ही नव्हेच’ ही तक्रार तिथूनच निघते.

जाहिरातीत मात्र अ‍ॅपचा हात आखडता आहे. ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवणं. त्याच्या एका यादीत 256 जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. सोलापूरच्या गड्डा यात्रेची ऑफर टाकली आणि कुणी विचारलंच नाही, तर आधी हे तपासा. यावर उपाय म्हणून काही जण सगळ्या गिऱ्हाइकांना एका ग्रुपमध्ये कोंबतात. हे अजिबात करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. दुकानदाराने स्वतःच्या हाताने ग्राहकांची माहिती वाटल्यासारखंच ते झालं.

इथे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आडवा येतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि दुकानदाराला लागू होणारा बराचसा भाग त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये अमलात येतो. अजून वेळ आहे, पण जुनी यादी साफ करायला तो लागतोच. पार्सलसाठी घेतलेला नंबर पार्सलपुरता. त्यावर दिवाळी सेलचा मेसेज पाठवायचा तर वेगळी परवानगी हवी. अ‍ॅप नेमकं इथेच लंगडं पडतं: कोण कधी ‘हो’ म्हणालं, याची वेगळी नोंद ते ठेवत नाही.

ती अशी ठेवता येते. क्विक रिप्लायमध्ये, म्हणजे अ‍ॅपमधल्या तयार उत्तरांत, दोन ओळी भरून ठेवा: ‘नव्या डिझाइनचे आणि सवलतीचे मेसेज हवे असतील तर हो लिहा. बंद करायचे असतील तर कधीही नको लिहा.’ ऑर्डर पक्की झाली की / दाबून पाठवा. ‘हो’ आलं की त्या चॅटला ‘परवानगी’ लेबल लावा आणि एका शीटमध्ये नंबर, तारीख, कशासाठी, एवढे रकाने भरा. ‘नको’ आलं की त्याच दिवशी ब्रॉडकास्टमधून नाव काढा. परवानगी देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं, असं कायदाच म्हणतो. गप्प बसलेला ग्राहक म्हणजे होकार नव्हे.

परवानगी मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय ग्राहकाला द्यावी लागते. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषा त्या यादीत आहेत. सोलापूरकराला चौघींसाठी शेजारीच माणूस मिळेल.

सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी लगेच करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा, आणि चॅट बॅकअपचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (तुमच्याशिवाय कुणाला वाचता न येणारं कुलूप) चालू करा, ते आपोआप चालू नसतं. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो विसरला तर बॅकअप गेलाच म्हणून समजा. दुकानाचा नंबर कामगाराच्या फोनवर नकोच, ग्राहकांचे नंबर त्याच्या गूगल खात्यात जाऊन बसतात. कुणी काम सोडलं की ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून त्याचं यंत्र लॉग-आउट करा.

वेबसाइट असेल तर 2020 चे ई-कॉमर्स नियम आजही लागू आहेत: संमतीचा आधीच टिक केलेला चौकोन चालत नाही, आणि तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते. कुकी बॅनर, म्हणजे साइट उघडताच परवानगी मागणारी पट्टी, विकणाऱ्यांचं ऐकून मात्र घाई करू नका. ते खूळ युरोपच्या कायद्यातून आलंय. थेट तिकडच्या गिऱ्हाइकाला टॉवेल विकत असाल तरच त्याचा विचार करा.

ग्राहक हजारांत गेले की पैसे मोजून एपीआय, म्हणजे मोठ्या धंद्यांसाठीची व्हॉट्सअ‍ॅपची जोडणी, घ्यावा लागतो. तिथे पोचलेल्या प्रत्येक जाहिरात मेसेजचे पैसे लागतात. तोवर फुकटचं अ‍ॅप आणि एक शीट पुरे. पाचपैकी साडेतीन तारे. नोंदीची सोय असती तर अर्धा आणखी दिला असता.